माथाडी कायदा वाचवायचा तर पुन्हा टोळी बांधा

मुंबईच्या दाणाबंदरात, मस्जिद बंदरात, लोखंड बाजारात ज्याच्या डोक्यावरून साऱ्या महाराष्ट्राचा माल गेला, त्या हमालाला १९६९ पर्यंत मालकच नव्हता. मालक तसे पुष्कळ होते. पण ‘मी याचा नोकर’ असं कोर्टात उभं राहून म्हणता यावं, असा एकही नव्हता. सकाळी एका गाळ्यावर पोती उतरवायची, दुपारी दुसऱ्याच्या वखारीत थापी लावायची, संध्याकाळी तिसऱ्याचा ट्रक भरून द्यायचा. दर व्यापारी ठरवणार, पैसे मुकादमाच्या हातात पडणार आणि मुकादम त्याच्या मर्जीनं वाटणार. पाठ गेली, पाय घसरून पोत्याखाली सापडला, तर गावाकडची एसटी धरायची. गिरणीतल्या माणसाला निदान फंड होता, भरपगारी रजा होती. हमालाला यातलं काही नव्हतं, कारण कायद्याच्या लेखी तो कुणाचाच कामगार नव्हता.

या गुंत्यावर १९६९ साली महाराष्ट्रानं माथाडी कायद्यातून जी तोड काढली, ती मला आजही या राज्यानं केलेल्या शहाण्या कामांपैकी एक वाटते. हमालाला एक मालक देता येत नाही ना, मग मालक आणि हमाल यांच्या मधोमध एक मंडळ बसवा. मंडळात मालकांचे, कामगारांचे आणि सरकारचे प्रतिनिधी. व्यापाऱ्यानं तिथे नोंद करायची, हमालानंही करायची, टोळीला क्रमांक मिळणार. महिन्याची मजुरी व्यापाऱ्यानं थेट हमालाच्या हातावर ठेवायची नाही. ती मंडळात भरायची, आणि वर लेव्ही भरायची. मंडळ मजुरी हमालाला देणार आणि लेव्हीतून त्याचा फंड, ग्रॅच्युइटी, बोनस, रजेचा पगार, औषधपाणी बघणार. लेव्हीचा दर मंडळागणिक वेगळा, पण ढोबळमानानं मजुरीच्या तीस-चाळीस टक्क्यांच्या घरात. मंडळाच्या कचेरीचा खर्चसुद्धा त्यातूनच निघतो. म्हणजे ‘सरकारनं किती दिवस पोसायचं’ हा जो प्रश्न अधूनमधून ऐकू येतो, त्याला अर्थ नाही. सरकार पोसत नाही. हमाल स्वतःच्या घामातून स्वतःचं म्हातारपण सांभाळतो, आणि कायदा एवढंच बघतो की त्या घामाचा हिशेब लागावा.

कल्पना अगदी आकाशातून पडलेली नव्हती. गोदी कामगारांसाठी १९४८ साली केंद्रानं असाच कायदा केला होता. रोज वेगळ्या जहाजावर, वेगळ्या कंत्राटदाराकडे राबणाऱ्या माणसाला एका मंडळाच्या छताखाली आणणारा. माथाडी कायद्यानं ते सूत्र बंदराच्या भिंतीबाहेर काढून धान्याच्या, कापडाच्या, लोखंडाच्या, भाजीपाल्याच्या बाजारात आणलं. मग तेच सूत्र पुढे गेलं. केरळनं १९७८ मध्ये डोक्यावर ओझं वाहणाऱ्यांसाठी कायदा केला. महाराष्ट्रात १९८१ मध्ये खासगी सुरक्षारक्षकांसाठी त्याच धर्तीवर मंडळं आली. राज्यात माथाडींची अशी ३६ मंडळं उभी राहिली. कोपरखैरण्याला माथाडींचं रुग्णालय झालं, नवी मुंबईत त्यांच्या वसाहती झाल्या, पतपेढ्या झाल्या. पाटण, जावळी, जुन्नर, आंबेगावच्या डोंगरातून आलेला जो माणूस गाववाल्यांच्या खोलीत पाळीपाळीनं झोपत होता आणि खानावळीत जेवत होता, त्याच्या पोरांची शाळा या लेव्हीवर झाली.

आज हे सगळं एका धक्क्यात जाईल असं कुणी म्हणत नाही. ते तसं जाणारही नाही. कायदे रद्द होत नाहीत आपल्याकडे, ते पोकळ होतात. आधी ३६ मंडळं मोडून एकच करायची टूम निघाली. ज्या लोखंड बाजाराचा दर आणि भाजी बाजाराचा दर यांचा एकमेकांशी संबंध नाही, ते सगळे एका टेबलावर आणायचे. मग २०२३ साली विधानसभेत माथाडी कायदा बदलणारं विधेयक क्रमांक ३४ आलं. हमालांच्या संघटना खवळल्या. १४ डिसेंबर २०२३ ला संप झाला, बाजार बंद राहिले. विधेयक समितीकडे गेलं. पण विधेयकांची रीत ठाऊक आहे आपल्याला. ती समितीत जातात, नाव-क्रमांक बदलून परत येतात. आणि विधेयक न येताही बरंच काही करता येतं. मंडळावर प्रतिनिधीच नेमायचे नाहीत. एकाच अधिकाऱ्याच्या गळ्यात चार मंडळांचा कारभार घालायचा. निरीक्षकांच्या जागा रिकाम्या ठेवायच्या, म्हणजे लेव्ही बुडवणाऱ्या मालकाच्या दारात जाणार कोण? मंडळ कागदावर जिवंत, आणि हमाल पुन्हा मुकादमाच्या हातात.

या बदलांच्या बाजूनं एक मुद्दा मांडला जातो, तो टाळून पुढे जाता येणार नाही. माथाडीच्या नावावर खंडणी चालते. चाकण, रांजणगावच्या पट्ट्यातल्या उद्योजकांची ही तक्रार जुनी आहे आणि ती खोटी नाही. पांढऱ्या गाडीतून चार जण उतरतात, गेटवर ट्रक अडवतात, ‘माल आम्ही उतरवणार, नाहीतर एवढे टाका’ म्हणतात. त्यातल्या एकाच्याही डोक्याला कधी चुंबळ लागलेली नसते. उद्योजक वैतागतो, मंत्र्याकडे जातो, आणि मंत्री म्हणतो, कायदाच बदलू.

थोडा विचार करा. कायदा सांगतो की मजुरी मंडळात भरा, रोख कुणाच्या हातात देऊ नका, नोंदीत टोळीलाच काम द्या. खंडणीखोराला हवं असतं बरोबर याच्या उलट. रोख, बिननोंदीचं, गेटवर. मग हा कायदा जिथे नीट पाळला जातो तिथे खंडणीला जागा कुठे उरते? ती उरते जिथे कारखान्यानं लेव्ही वाचवायला मंडळात नोंदच केलेली नसते आणि मंडळानं ती करून घ्यायला माणूसच पाठवलेला नसतो. गेटवर दमदाटी करणाऱ्याला पकडायला फौजदारी कायदा आहे, पोलीस आहेत. त्यांच्या हातून ते होत नाही म्हणून हमालाची ग्रॅच्युइटी कापायची, हा न्याय मला तरी उमगत नाही.

पण संघटनांनाही दोन शब्द ऐकवायला हवेत, आणि ते आपल्याच माणसांनी ऐकवले पाहिजेत. टोळीत नाव घालायला पैसे मोजावे लागतात, अशी कुजबुज बाजारात चालते. नोंदीत माथाडी घरी बसतो, त्याच्या जागी निम्म्या पैशात बिहारचा नाहीतर उत्तर प्रदेशातला पोरगा पोती वाहतो, आणि पगार मात्र नोंदीतल्याच्या नावावर पडतो. म्हणजे १९६९ च्या आधीचा मुकादम पुन्हा जन्माला आला. फरक एवढाच की आता तो स्वतःला कामगार म्हणवतो. ज्या दिवशी तो बदलीचा पोरगा मंडळात स्वतःच्या नावानं नोंदला जाईल, त्या दिवशी या कायद्याचं वय पन्नास वर्षांनी कमी होईल. तो मराठी आहे की नाही, हा प्रश्न इथे कुणी काढू नये. दाणाबंदरात आपले आजे-पणजेही परगावचेच होते.

हा कायदा आला कसा, हे आठवायला हवं. तो कुणा कामगार आयुक्ताच्या मनात आला म्हणून आलेला नाही. १९६७ च्या लोकसभा निवडणुकीत दक्षिण मुंबईत स. का. पाटलांसारखा मातब्बर काँग्रेस नेता जॉर्ज फर्नांडिस नावाच्या कामगार पुढाऱ्याकडून हरला. गोदी कामगारांचे नेते प्लॅसिड डिमेलो यांच्या तालमीत तयार झालेला हा तरुण. टॅक्सीवाले, पालिकेचे कामगार, बेस्टचे कामगार त्याच्या मागे. त्या निकालानंतर मुंबईत राबणाऱ्या माणसाच्या मताकडे कुणाला काणाडोळा करता आला नाही. दोनच वर्षांनी माथाडी कायदा विधिमंडळात मंजूर झाला, हा मी निव्वळ योगायोग मानत नाही.

आणि त्याच काळात बाजारात एक माणूस टोळ्या बांधत होता. अण्णासाहेब पाटील. २५ सप्टेंबर १९३३ चा जन्म, पाटण तालुक्यातलं मंद्रुळकोळे. मुंबईत आले ते पोटासाठीच, हमालांतच वावरले. ज्याला मालक नाही त्याची युनियन होत नाही, असं जाणते लोक सांगत होते. संप करायचा कुणाविरुद्ध? तीनशे व्यापाऱ्यांविरुद्ध? अण्णासाहेबांनी टोळी हाच पाया धरला. टोळी ही हमालांची आपली जुनी व्यवस्था. एका गावची, एका भावकीची माणसं, एका मुकादमाखाली. त्या टोळीला त्यांनी मुकादमाच्या पकडीतून सोडवलं आणि युनियनच्या पोटात घेतलं. बाजार बंद करायची ताकद हाती आल्यावर ते विधान परिषदेत गेले, सत्ताधारी पक्षातून गेले. काहींना हे तेव्हाही खटकलं. पण हमालाच्या वतीनं सभागृहात बोलणारा माणूस हमालांतूनच आला, ही गोष्ट हलकी नव्हती.

पुण्यात बाबा आढावांनी दुसरी वाट धरली. नाना पेठेत वैद्यकी करणारा हा समाजवादी डॉक्टर, दवाखान्यात येणाऱ्या हमालांच्या पाठी आणि गुडघे तपासता तपासता त्यांच्यात गुंतला. पन्नाशीच्या दशकात हमाल पंचायत उभी राहिली. बाबा पक्षांच्या कुंपणाबाहेर राहिले. सत्याग्रह, उपोषण, मोर्चा ही त्यांची हत्यारं. १९७४ मध्ये पंचायतीनं ‘कष्टाची भाकर’ सुरू केली, कुणाच्या अनुदानाशिवाय, कष्टकऱ्याला परवडेल असं जेवण देणारी. हमालांबरोबर रिक्षावाले, कागद-काच-पत्रा वेचणाऱ्या बायका, मोलकरणी यांच्याही पंचायती बांधल्या गेल्या. शंभर किलोचं पोतं पन्नास किलोवर यावं, एवढ्या साध्या गोष्टीसाठी हमालांना वर्षानुवर्षं भांडावं लागलं. ज्यांनी कधी पोतं उचललं नाही, त्यांना यात भांडण्यासारखं काय आहे हेच कळत नव्हतं.

एक सत्तेच्या आत, एक सत्तेच्या दाराशी. दोघांच्या माणसांत कुरबुरी नव्हत्या असं नाही, पण कायद्याला दोन्ही बाजूंनी टेकू मिळाला. आत बसलेल्याला बाहेरच्या मोर्चाचा जोर होता, आणि बाहेरच्याला आतल्या माणसाकडून बातमी होती. राजकीय ताकद म्हणतात ती हीच.

१९८२ हे साल आठवा. १८ जानेवारीला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईतला गिरणी संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. दोन महिन्यांनी, २२ मार्चला अण्णासाहेब पाटलांनी मराठा आरक्षणासाठी मुंबईत प्रचंड मोर्चा काढला. मागणी मान्य झाली नाही, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी आपला जीव दिला. एकाच वर्षात मुंबईच्या कष्टकऱ्यांच्या दोन्ही मोठ्या फळ्या जायबंदी झाल्या. पुढे काय झालं बघा. सामंत १९८४ ला लोकसभेवर निवडून गेले, इंदिरा गांधींच्या हत्येनंतरच्या त्या लाटेत काँग्रेसला हरवून. पण गिरण्या वाचल्या नाहीत. गिरणी कामगार संख्येनं मोठा, संघटित, मुंबईच्या राजकारणाचा कणा. त्याच्या हातात शेवटी घरासाठीचा अर्ज उरला. माथाडी मात्र टिकला. बाजार दाणाबंदरातून वाशी-तुर्भ्याला हलला, लोखंड कळंबोलीला गेलं, तरी टोळी टिकली, लेव्ही टिकली. कारण त्याचं संरक्षण एका गिरणीच्या चिमणीला बांधलेलं नव्हतं, ते कायद्यात होतं आणि कायदा मालाबरोबर चालत गेला. म्हणून सांगतो, हा कायदा गेला तर मागे काही उरत नाही.

आता आपली आजची ताकद बघा. दर २५ सप्टेंबरला नवी मुंबईत माथाडींचा मेळावा भरतो. व्यासपीठावर कोण नसतं? कधी मुख्यमंत्री असतात, कधी विरोधी पक्षनेते, कधी एकाच वर्षी एकापाठोपाठ सगळे. हार, फेटे, घोषणा, आश्वासनं. माथाडींतून आमदार झाले, मंत्री झाले, महामंडळांचे अध्यक्ष झाले. पण एक नेता एका पक्षात, दुसरा दुसऱ्यात, संघटनेची शकलं तितक्या दिशांना. टाळ्या सगळ्यांना, हिशेब कुणालाच नाही. ज्या मेळाव्यात मंत्र्याला ‘मंडळावरच्या जागा कोणत्या तारखेला भरता?’ एवढा एक प्रश्न विचारला जात नाही, तो मेळावा पुण्यतिथीच्या कीर्तनासारखा वाटू लागतो; श्रद्धा खरी, धाक शून्य.

आणखी एक फट आहे, ती शेतकरी आणि हमाल यांच्यात पाडली जाते. २०२४ च्या एप्रिलमध्ये लेव्हीच्या वादावरून नाशिक जिल्ह्यातल्या बाजार समित्यांत कांद्याचे लिलाव ठप्प झाले. हमाली, तोलाई, वाराई कुणी द्यायची, लेव्ही कुणाच्या खिशातून जायची, यावर भांडण. लगेच सुरू झालं, ‘हमालांमुळे शेतकऱ्याचा कांदा सडतोय’. अहो, बाजारातला हमाल कुठून येतो? दोन एकराच्या कोरडवाहू तुकड्यावर भागत नाही म्हणून आलेला शेतकऱ्याचाच मुलगा तो. कांदा सडला तर त्याच्या भावाचा सडतो आणि लिलाव बंद राहिला तर त्याचा स्वतःचा रोज बुडतो. या भांडणात ज्याचं काहीच बुडत नाही, तो तिसराच असतो.

दरम्यान बाहेर काय चाललंय? राजस्थाननं २०२३ मध्ये ॲपवरून काम करणाऱ्यांसाठी कायदा केला. जेवण पोचवणारा, टॅक्सी चालवणारा पोरगा. रोज कंपनीच्या इशाऱ्यावर पळतो, पण कंपनी म्हणते हा आमचा कामगार नाही. उपाय काय शोधला? मंडळ. नोंदणी. प्रत्येक व्यवहारामागे कल्याण निधीसाठी शुल्क. कर्नाटकानंही २०२५ मध्ये त्याच धर्तीचा कायदा केला. ज्याला मालक नाही त्याला मंडळ द्या, हा दाणाबंदरातला हिशेब आज मोबाइलवाल्या कामगारासाठी इतर राज्यं मांडताहेत. आणि ज्या राज्यात तो पहिल्यांदा मांडला गेला तिथे आपण वहीच मिटायला निघालोय. भिवंडीच्या आणि तळोज्याच्या प्रचंड गोदामांत रात्रपाळीला खोकी हलवणाऱ्या हजारो हातांना आज जे हवंय, ते याच कायद्यात आधीपासून लिहिलेलं आहे. फोर्कलिफ्ट आला म्हणून माथाडी संपला, असं मालक म्हणतात. फोर्कलिफ्ट खोकं उचलतो, पण खोकं ट्रकच्या कोपऱ्यात बसवायला, फुटलेलं वेगळं काढायला, थापी रचायला अजून माणूसच लागतो, आणि त्या माणसाची पाठ अजून दुखते.

मग करायचं काय? सुरुवात हमालांपासूनच. टोळीतल्या प्रत्येकानं मंडळातला आपला हिशेब मागावा. फंडात किती जमलं, कुठल्या मालकानं किती महिने लेव्ही थकवली. बदलीच्या कामगाराला टोळीत नोंदवून घ्या, युनियन आडवी आली तर युनियनच्या सभेत भांडा. नवी मुंबई, पुणे, नाशिक, सांगली, कोल्हापूर, सोलापूर, नागपूर; जिथे बाजार आहे तिथे हमालांच्या वेगवेगळ्या झेंड्यांच्या संघटनांनी निदान या एका मागणीवर एकत्र बसावं. झेंडे घरी ठेवा म्हणत नाही. पण निवडणुकीत मत मागायला जो येईल, त्याच्याकडून लेखी घ्या: मंडळांवर प्रतिनिधी नेमणार का, निरीक्षकांच्या जागा भरणार का, कायद्याच्या व्याख्येला हात लावणार का. तोंडी आश्वासनावर फार वर्षं काढली.

व्यापाऱ्यांत प्रामाणिक लोक आहेत, त्यांनाही बोलवा. जो नोंद करून लेव्ही भरतो, त्याचा माल शेजारच्या बुडव्यापेक्षा महाग पडतो. बुडव्याला पकडणं त्याच्याही फायद्याचं आहे.

आणि वाचकहो, तुम्ही. घरात तांदळाची गोणी येते, सोसायटीच्या दारात सिमेंट उतरतं, दुकानात माल लागतो. ‘हमाली किती?’ एवढंच आपण विचारतो. यापुढे विचारा, ही टोळी नोंदीत आहे का, मजुरी मंडळातून जाते का? दुकानदाराला दोनदा विचारलंत की तिसऱ्यांदा तो पावती दाखवेल. आपल्या आमदाराला पत्र लिहा, चार ओळींचं, साधं: माथाडी कायद्यात हमालांच्या संघटनांना विचारल्याशिवाय कोणताही बदल करू नका, सर्व मंडळं पूर्ण प्रतिनिधींसह चालू करा आणि गोदामांत राबणाऱ्यांना या कायद्याखाली आणा. त्या पत्राची प्रत तुमच्या गावच्या बाजार समितीतल्या हमाल संघटनेकडे नेऊन द्या. येत्या अधिवेशनाआधी द्या.